लवचीक पुट्टी हातोडीखाली काचेसारखी का फुटते?

खडू_फळा (इंदूर)

नमस्कार मंडळी. संक्रांतीला बडोद्याहून भाचा आला होता, बारा वर्षांचा. येताना खिशात एका छोट्या डबीत लवचीक पुट्टी घेऊन आला. भिंतीला लावतात ती पुट्टी नव्हे, आणि खिडकीच्या काचा बसवायची लांबी पण नव्हे. मुलांच्या खेळण्याची, सिलिकॉनची, 'सिली पुट्टी' म्हणतात ती. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, पण ही वस्तू हातात घेऊन नीट बघायची वेळ कधी आली नव्हती. आली आणि दोन दिवस आम्ही मावशी-भाचे दुसरं काही केलंच नाही.

काय काय दिसलं ते सांगते. हळूहळू ओढली तर शेवईइतकी बारीक तार निघते आणि स्वतःच्याच वजनाने लोंबत फरशीला टेकते. तीच झटक्यात ओढली तर 'टक्' असा आवाज येऊन सुरीने कापल्यासारखी तुटते, तार-बीर काही नाही. गोळा करून शहाबादी फरशीवर टाकला की रबरी चेंडूसारखा उसळतो. रात्री खिडकीच्या कठड्यावर ठेवला तर सकाळी गोळ्याची पुरी झालेली, आणि तिची एक कड गजाखाली ओघळून खाली उतरलेली.

मग भाच्याने विचारलं, "मावशी, हातोडी मारू?" मारली. गोळा चक्क फुटला! चपटा झाला नाही, उसळला नाही, फुटला. एक तुकडा उडून माझ्या चष्म्याच्या काचेवर आपटला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, त्यामुळे आधीच सांगते, हे करून बघणार असाल तर गोळ्यावर जुना पंचा टाका आणि मुलांना चष्मा घालायला लावा.

तुकडे उचलून पाहिले. तुटलेली बाजू गुळगुळीत, चमकदार, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी किंचित वाकलेली. जाड काच फुटली की कड जशी दिसते तशीच. कोपरे बोटाला टोचत होते. आणि तोच तुकडा मिनिटभर चिमटीत धरला की कोपरा मऊ होऊन गोल व्हायला लागायचा.

माझा अंदाज असा की दाब वाढला की ही वस्तू घट्ट होते. पण पटत नाहीये मला. आणि दुसरा प्रश्न भाच्याचा: हातोडीपेक्षा पुष्कळ जास्त वेगाने काही आदळलं तर काय होईल? जाणकारांनी सांगावं.

---

पीथमपूर_बी_शिफ्ट

ताई, पीथमपूरला रबराच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, सिलिकॉन रोज हाताखालून जातं. तुमचा अंदाज तुम्हीच खोटा पाडू शकता, तो असा. गोळा फरशीवर ठेवा, वर पाट्यावरचा वरवंटा अलगद ठेवा आणि स्वयंपाकाला लागा. वरवंट्याचा दाब काही कमी नाही. घट्ट होते का बघा.

आतलं रसायन थोडक्यात सांगतो. सिलिकॉन या मूलद्रव्याचे आणि ऑक्सिजनचे अणू एकाआड एक जोडलेल्या लांबच लांब साखळ्या असतात. नुसत्या साखळ्या म्हणजे सिलिकॉन तेल, ते वाहतं. त्यात बोरिक अॅसिड घालून तापवलं की साखळ्यांच्या टोकांना बोरॉन येऊन बसतो. हे बोरिक म्हणजे आपण कॅरम बोर्डावर भुरभुरतो तीच पांढरी पावडर. बोरॉनला शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनचा हात धरायची सवय, पण पकड कच्ची. धरतो, सोडतो, दुसऱ्याचा धरतो, सारखं चालू. कारखान्यात जे पक्कं रबर करतो त्यात हे हात कायमचे बांधलेले असतात, म्हणून वॉशर वाहत नाही. पुट्टीत ते बांधलेले नसतात.

हळू ओढलं की साखळ्यांना हात बदलायला वेळ मिळतो, माल वाहतो. झटका दिला की हात सोडायच्या आत ओढ बसते, मग ती रबरासारखी ताणते आणि परत येते. झटका आणखी मोठा असला की हातच तुटतात. ती तुमची हातोडी.

त्यात बारीक सिलिका पण भरतात, आणि काही प्रकारांत एरंडेलापासून केलेला एक घट्ट करणारा पदार्थ असतो. म्हणून ती हाताला तेलासारखी लागत नाही.

---

जुन्या_गोष्टी

एक माहितीची भर. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे ताब्यात घेतले आणि अमेरिकेला रबर मिळेना. तेव्हा कृत्रिम रबर शोधताना जनरल इलेक्ट्रिकच्या न्यू हेवनच्या प्रयोगशाळेत जेम्स राइट यांनी १९४३ मध्ये सिलिकॉन तेलात बोरिक अॅसिड घातलं, आणि ही वस्तू हाती आली. डाऊ कॉर्निंगच्या अर्ल वॉरिक यांचाही त्यावर दावा होता. टायरला निरुपयोगी, कारण उभी गाडी रात्रीत जमिनीवर पसरली असती! पुढे पीटर हॉजसन यांनी १९५० च्या सुमारास ती प्लास्टिकच्या अंड्यात भरून खेळणं म्हणून विकली. १९६८ मध्ये अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी हत्यारं तरंगू नयेत, चिकटून राहावीत म्हणून बरोबर नेली होती.

---

खडू_फळा

@पीथमपूर_बी_शिफ्ट, वरवंटा ठेवला. कुकरची दुसरी शिट्टी होईपर्यंत गोळ्याची भाकरी झाली होती आणि वरवंट्याच्या दोन्ही बाजूंनी पुट्टी बाहेर आली होती. म्हणजे दाब हे कारण नव्हे, किती घाईने दाब आला हे कारण. तीस वर्षं मी 'घन की द्रव' असे दोन रकाने फळ्यावर आखले. आता प्रश्न पडलाय की हिला कुठल्या रकान्यात घालायचं.

---

जुना_होळकरी

ताई, रकाने दोनच ठेवा, पण वर एक घड्याळ काढा.

होळकर कॉलेजात शिकलो, पुढे पदार्थविज्ञानच शिकवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. प्रत्येक पदार्थाला आतला ताण सोडून द्यायला काही वेळ लागतो. त्याला विश्रांतिकाल म्हणू. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये ही कल्पना मांडली. पाण्याचा विश्रांतिकाल सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागाइतका. पुट्टीचा साधारण सेकंदाचा काही हिस्सा ते एक सेकंद. डोंगरातल्या खडकाचा लाखो वर्षं.

आता तुम्ही त्या पदार्थाला किती वेळ देता ते बघायचं. विश्रांतिकाल भागिले तुमचा वेळ, हा आकडा एकपेक्षा फार लहान आला की तुमच्यापुरता तो द्रव, फार मोठा आला की तुमच्यापुरता घन. या आकड्याला डेबोरा अंक म्हणतात. मार्कुस रायनर यांनी १९६४ मध्ये हे नाव प्रसिद्ध केलं. बायबलमधल्या डेबोरा या संदेष्टीच्या गाण्यात पर्वत परमेश्वरासमोर वाहिले असं येतं. परमेश्वराला वेळ अनंत, म्हणून त्याला पर्वतही वाहताना दिसतात, अशी त्यामागची कल्पना. मला हे फार सुंदर वाटतं.

आपला हिशेब सोपा करू. गोळा चार सेंटिमीटरचा धरा. येणारी वस्तू तेवढं अंतर कापायला किती वेळ घेते, तोच पुट्टीला मिळालेला वेळ.

तळहाताने सावकाश दाबली, सेकंदाला एक सेंटिमीटर, तर चार सेकंद मिळाले. वाहणारच. सव्वा मीटरवरून फरशीवर टाकली तर आदळताना वेग सेकंदाला पाच मीटर, म्हणजे मिळाले आठ मिलिसेकंद. पुट्टीच्या विश्रांतिकालाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. हात सोडायला फुरसतच नाही, म्हणून ती रबर झाली आणि उसळली. दुमजली घराच्या गच्चीवरून, सात मीटर धरा, टाकली तर वेग सेकंदाला जवळजवळ बारा मीटर, ताशी बेचाळीस किलोमीटर. वेळ साडेतीन मिलिसेकंदांच्या आत.

इथे एक गोष्ट निसटते, ती नीट सांगतो. आठ आणि साडेतीन मिलिसेकंदांत पुट्टीच्या दृष्टीने विशेष फरक नाही, दोन्हीकडे ती घनच. पण गच्चीवरून येताना ऊर्जा साडेपाचपट असते. उसळायचं की फुटायचं हे मुख्यतः त्या ऊर्जेवर ठरतं. साठवता आली तर चेंडू, नाही साठवता आली तर तडा. वाहणाऱ्या पदार्थात तडा पडला तरी त्याचं टोक लगेच बोथट होतं, कारण तिथला माल थोडा सरकतो आणि ताण वाटून घेतो. घाईत तसं सरकायला वेळ नाही, टोक अणकुचीदार राहतं आणि तडा आरपार धावतो. म्हणून तुमच्या तुकड्यांना शिंपल्यासारखी चमकदार बाजू आली. काचेला ती येते त्याच कारणाने.

मुलांना समजवायला मी पिचकारी वापरायचो. रंगपंचमीला पिचकारीचा दांडा हळू दाबला तर सहज आत जातो, जोरात दाबला तर हाताला अडतो. आता त्या दांड्याच्या मागे एक स्प्रिंग जोडली आहे असं समजा. हळू दाबाल तर पिचकारी रिकामी होते, स्प्रिंगला कळतही नाही. झटका द्याल तर पिचकारी अडते आणि सगळा झटका स्प्रिंग खाते, परत देते. मॅक्सवेलच्या नावाने पुस्तकात जी आकृती असते ती हीच.

---

ग्वाल्हेरकर_खुंटी

होळकरी साहेब, तुम्ही घड्याळ काढलंत, मी शेगडी काढतो. आमच्याकडे ग्वाल्हेर-मुरैन्याला गजक करतात ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा सगळा धागा ओळखीचा वाटेल. आमच्या गल्लीत लहानपणी थंडीभर बघत उभा राहायचो.

गुळाचा किंवा साखरेचा पाक परातीत ओतून जरा निवू देतात. मग तो गोळा भिंतीतल्या खुंटीला अडकवून ओढायचा, दुमडून परत अडकवायचा, परत ओढायचा. हात भाजत असतात, पण थांबायचं नाही. ओढता ओढता काळपट गोळा पांढरट, रेशमी होत जातो. मग परतलेल्या तिळात घालून लाकडी हातोड्यांनी कुटतात. कारागिराचं सगळं कसब एका गोष्टीत: गोळा फार गरम असताना ओढला तर लोंबून जमिनीला लागतो, फार गार झाल्यावर ओढला तर कडकन तुटतो. मधली काही मिनिटंच तो वश असतो. आणि पूर्ण गार झालेली गजक दाताखाली कशी मोडते ते सांगायला नको.

तर माझा प्रश्न: गजकीत वेग तोच, फक्त पाक निवत जातो, आणि तरी वाहणं, ताणणं, तुटणं हे तिन्ही प्रकार त्याच क्रमाने दिसतात. मग गार करणं आणि जोरात मारणं हे एकच आहे का?

---

जुना_होळकरी

@ग्वाल्हेरकर_खुंटी, प्रश्न अगदी मर्मावर आहे. हो, बऱ्याच अंशी एकच. थंडीत साखळ्यांची हालचाल मंदावते, हात सोडायला जास्त वेळ लागतो, म्हणजे विश्रांतिकाल वाढतो. डेबोरा अंक वाढवायला वेळ कमी करा नाहीतर विश्रांतिकाल वाढवा, अपूर्णांक तोच. प्रयोगशाळेत याचा उपयोगही करतात. फार वेगाचा मारा मोजणं अवघड असेल तर नमुना थंड करून कमी वेगाने मोजतात आणि हिशेबाने वेगाकडे सरकवतात.

डांबर हेही याच जातीचं. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चप्पल रुतते, आणि तेच डांबर डिसेंबरात पहाटे छिन्नी मारली तर कपच्या उडतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये असंच डांबर काचेच्या नरसाळ्यात भरून ठेवलं. हातोडीने फुटणारं ते डांबर थेंबाथेंबाने गळतंय, नववा थेंब २०१४ मध्ये पडला. पाण्यापेक्षा ते २३,००० कोटी पट दाट, म्हणजे वाहायला जड, निघालं.

---

शंकाखोर

मी अकरावीत आहे. दोन शंका. एक, कॉर्नफ्लोअर पाण्यात घट्ट कालवलं की बुक्की मारल्यावर दगड होतं, ते आणि पुट्टी एकच ना? शाळेत दोन्ही 'नॉन-न्यूटोनियन' (जोर लावू तसा दाटपणा बदलणारं) म्हणून एकाच तासाला दाखवलं. दोन, ओंकारेश्वरला नर्मदेत उंचावरून उडी मारताना पोट आपटलं तर पाणी फरशीसारखं लागतं. म्हणजे पाणीही वेगाने घन होतं का?

---

जुना_होळकरी

शंका छान आहेत. दुसरी आधी. नाही, पाणी घन होत नाही. पाण्याचा विश्रांतिकाल इतका सूक्ष्म आहे की उडी मारणाऱ्या माणसाची घाई त्याच्यापुढे काहीच नाही. लागतं ते पाण्याचं जडत्व. पोटाखालचं एवढं मोठं पाणी क्षणात बाजूला सारायचं असतं, आणि ते वस्तुमान हलायला तयार नसतं. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

पहिलीत फरक मोठा आहे. कॉर्नफ्लोअर म्हणजे पाण्यात दाटीवाटीने असलेले घट्ट दाणे. आपल्या इंदुरात रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यासमोर गर्दीतून सावकाश वाट काढली तर लोक सरकतात, पण कोणी धावत घुसला तर पुढचे एकमेकांवर दाबले जातात आणि भिंत तयार होते. तसेच दाणे एकमेकांना भिडून अडतात. शिकागो विद्यापीठातल्या वाइटुकाइटिस आणि येगर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की आदळणाऱ्या दांड्याखाली अशी घट्ट झालेली चकती तयार होते आणि खाली खाली वाढत जाते. पण हे मिश्रण ताणून तार निघत नाही, गोळा उसळत नाही. त्यात स्प्रिंग जवळजवळ नाहीच. पुट्टीत आहे. एकाच तासाला दाखवा, पण एकच आहे असं सांगू नका, ही शिक्षकांना कळकळीची विनंती.

---

महूकर_निवृत्त

फौजेत बरीच वर्षं काढली, आता महूलाच स्थायिक. खडूताईंच्या भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. सर्वात आधी: घरात छऱ्याच्या बंदुकीने पुट्टीवर नेम धरू नका. छरा उलटून येतो. रबरी वस्तूवरून तर हमखास. हे मी गंभीरपणे सांगतोय.

आता कामाची गोष्ट. बुलेटप्रूफ जाकीट तपासताना त्याच्या मागे मातीसारखा एक लगदा ठेवतात. गोळी जाकिटाने अडवली तरी मागे छातीवर किती ठोसा बसेल ते त्या लगद्यात पडलेल्या खळग्यावरून मोजतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या मानकात हा खळगा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही. तो लगदा म्हणजे शिल्पकार वापरतात ती तेलात मळलेली माती. पुट्टी का नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं, पण हा धागा वाचून उत्तर समोर दिसलं. पुट्टीत पडलेला खळगा झटक्यात उसळून भरेल, आणि उरलेला पट्टी घेऊन मोजायला जाईपर्यंत वाहून बुजेल. माती मात्र मारल्याची खूण तशीच ठेवते.

आणि ग्वाल्हेरकर म्हणतात ती तापमानाची गोष्ट तिथे नियमातच आहे. गोळीबाराआधी त्या मातीवर साधारण एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून पाच वेळा टाकायचा. सरासरी खळगा १९ मिलिमीटर, दोन इकडे-तिकडे, एवढा पडला तरच माती योग्य. कमी पडला तर माती ऊबदार कपाटात ठेवायची, जास्त पडला तर गार होऊ द्यायची. गजकवाल्यासारखंच.

---

जुना_होळकरी

महूकर साहेबांनी वाट करून दिली, तर गोळीचा हिशेब पुरा करतो. रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटर धरा. चार सेंटिमीटर पुट्टी पार करायला पन्नास मायक्रोसेकंद. आणि सिलिकॉन रबरात आवाज सेकंदाला साधारण हजार मीटर जातो, म्हणजे पुढे धक्का बसला ही बातमी गोळ्याच्या मागच्या बाजूला पोचायलाच चाळीस मायक्रोसेकंद लागतात. मागच्या बाजूला कळतंय न कळतंय तोवर गोळी दारात!

सगळ्यांना वाटेल की एवढ्या वेगाला पुट्टी पोलादासारखी घट्ट होऊन गोळी अडवेल. इथेच माझे विद्यार्थी चुकायचे. पुट्टी काचेसारखी ताठ होते हे खरं, पण ताठ आणि मजबूत हे दोन वेगळे शब्द आहेत. ८०० मीटरच्या वेगाने येणाऱ्या गोळीला वाट देताना पुट्टीवर येणारा ताण हजारो वातावरणांच्या दाबाएवढा असतो. तिची स्वतःची ताकद त्याच्या जवळपासही नाही. मग तिची ताकद हिशेबातूनच गळते आणि फक्त तिचं वस्तुमान उरतं, नर्मदेच्या पाण्यासारखं. शंकाखोर, म्हणून म्हटलं होतं लक्षात ठेव. वाहते, उसळते, फुटते, आणि त्याही पलीकडे वेग नेला तर नुसतं जडत्वच बोलतं.

---

बडोद्याची_सून

मुलाला बारा वर्षांचा म्हटलंय तो आमचाच. ताईंकडे खेळला ते ठीक, घरी येऊन त्याने पुट्टी सतरंजीवर ठेवली आणि विसरला. सकाळी ती धाग्याधाग्यात उतरलेली. ओढून काढायला गेले तर आणखी तारा. तुमचा धागा वाचून बर्फाची पिशवी वीस मिनिटं वर ठेवली आणि चमच्याच्या दांड्याने झटके दिले, मोठा भाग टवके उडून निघाला! उरलेला सॅनिटायझर लावून पुसला, अल्कोहोलने ती सुटते.

आता माझा प्रश्न. आमच्याकडे दोघंही दुचाकीवर असतात. झटका बसला की घट्ट होणारी वस्तू हेल्मेटमध्ये का भरत नाहीत?

---

पीथमपूर_बी_शिफ्ट

वहिनी, हेल्मेटचं काम आदळलेली ऊर्जा खाऊन टाकायचं. आतला थर्माकोल एकदा चेपला की चेपला, परत उसळत नाही, तिथेच त्याची कमाई. नुसती पुट्टी भरली तर फरशीवर जशी उसळते तशी ती ऊर्जा डोक्याला परत देईल. शिवाय मे महिन्यात हेल्मेट गाडीवर लटकवलं तर तासाभरात सगळी पुट्टी हनुवटीकडे ओघळलेली असेल.

पण कल्पना वाया गेलेली नाही. पुट्टीच्या जातीचा माल फोममध्ये बांधून टाकला की ओघळत नाही, आणि फोमची ऊर्जा खायची सवय पण राहते. डीथ्रीओ नावाचं साहित्य याच तत्त्वावर आहे. गुडघ्या-कोपरांच्या पॅडमध्ये, रायडिंग जाकिटात येतं. एरवी मऊ, वाकतं, पडलात की ताठ. आणि चेपलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी परत वापरू नका, हे जाता जाता.

---

खडू_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गप्प होते कारण प्रयोग चालू होते. भाचा परत गेला, पण मी नवी डबी आणली.

फोनवर संथ चित्रीकरण होतं, सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंद. गोळा लाकडी पाटावर ठेवून शेजारच्या मुलाकडून हातोडी मारून घेतली, मी गुडघ्यावर बसून फोन धरला. एका चित्रात हातोडी गोळ्याच्या वर बोटभर. पुढच्या चित्रात टेकलेली, गोळा किंचित चेपलेला, अजून अखंड. त्याच्या पुढच्या चित्रात चार तुकडे, आणि त्यांच्यामध्ये पाट दिसतोय. तडा जाताना एकाही चित्रात सापडला नाही, सात वेळा मारून पाहिलं. होळकरी सरांनी म्हटलेले मिलिसेकंद असे डोळ्यांनी दिसतील असं वाटलं नव्हतं.

दुसरं एक लक्षात आलं, ते कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. सात गोळ्यांपैकी दोन हातोडीखालीही फुटले नाहीत, पाटावरून निसटून भिंतीपर्यंत उसळले. ते दोन मी कणकेसारखे पुष्कळ वेळ मळले होते. बाकीचे घाईत वळलेले. फुटलेल्या तुकड्यांवर बारकाईने पाहिलं तर तडा बहुतेक ठिकाणी घडीच्या रेघेवरून किंवा आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यापासून निघालेला दिसतो. मोदकाची उकड नीट मळली नाही तर पारीला जिथे घडी असते तिथेच चीर जाते, तसंच.

फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवलेला गोळा गच्चीवरून अंगणात टाकला, तीन तुकडे. तोच गोळा परत एक करून उन्हात तापवून टाकला, तर उसळला जेमतेम गुडघ्याएवढा आणि खालची बाजू रुपयाएवढी चपटी झाली.

शेवटी सगळे तुकडे एका वाटीत जमा केले आणि समोर खुर्ची घेऊन बसले. पाच मिनिटांत टोकं गेली. अर्ध्या तासात तुकडे एकमेकांना टेकले होते तिथे सांधा पुसट होऊ लागला, मधल्या फटी मात्र अजून काळ्या दिसत होत्या. संध्याकाळी दिवा लावून आले तेव्हा वाटीत तळाला बसलेलं, वरून सपाट, गुलाबी असं एकच काहीतरी होतं. हातोडीच्या तोंडावर चिकटलेला एक बारीक कण तेवढा वेगळा राहिला होता. तोही नखाने काढून वर ठेवला.